पावसाळ्यातले पतंग: यंदा दिव्यापेक्षा झाडांनी जास्त दिलं

यंदाचा सीझन आता उतरणीला लागलाय, थंडी पडायला लागली की रात्री दिवा लावून टांगलेल्या पडद्यावरची पतंगांची (मॉथची) गर्दी एकदम ओसरते, म्हणून सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकतोय. जागा तीच, देवरूखच्या बाजूला आमचं घर, मागे काजू, खाली वहाळ, पलीकडच्या उतारावर थोडा साग. जूनपासूनच्या नोंदी परवा नीट लावल्या तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. दिव्यावर पतंग भरपूर येतात, पण खात्रीने नाव लागलेल्या नोंदी बघितल्या तर त्यातल्या बऱ्याचशा झाडावर अळी सापडून ती वाढवलेल्या आहेत. अळी कुठल्या झाडावर होती हे माहीत असलं की अर्धी ओळख तिथेच होते, आणि तो पतंग डोळ्यासमोर बाहेर येतो तेव्हा मागचे पंख बघायला मिळतात, जे पडद्यावर बसलेला पतंग सहसा दाखवतच नाही.

दिव्याचं आधी थोडक्यात सांगतो. पांढरी सुती चादर, १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब, आणि लाईट गेली तर पॉवर बँकवर चालणारी यूव्ही एलईडीची पट्टी (तिच्याकडे सारखं बघत बसू नका, डोळ्यांना वाईट, चष्मा लावाच). अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, दमट, वारा नसलेली रात्र सगळ्यात भारी, बारीक पाऊस असला तरी चालतो, पौर्णिमेला आकाश मोकळं असेल तर गर्दी फार कमी. आणि नवीन मंडळींना हात जोडून सांगणं आहे की पहाटेपर्यंत दिवा चालू ठेवू नका. उजाडता उजाडता दयाळ, बुलबुल आणि कोतवाल बरोबर हजर होतात आणि चादरीवर बसलेलं सगळं टिपून खातात. मी मध्यरात्रीनंतर थोड्या वेळात बंद करतो आणि चादर हळूच झाडून पतंग झुडपात सोडतो.

आता गुळवेल. गडग्याजवळच्या शेवग्यावर चढलेली जुनी वेल आहे, तिच्यावर जुलैपासून फळात सोंड खुपसणाऱ्या पतंगाच्या, म्हणजे यूडोसिमाच्या अळ्या मिळायला लागल्या. ज्यांनी बघितली नसेल त्यांनी ही अळी एकदा तरी बघाच. काळपट तपकिरी, मखमली, अंगावर दोन्ही बाजूंना दोन-दोन डोळे, काळं बुबुळ आणि भोवती पिवळट पांढरं कडं, आणि जरा वेल हलली की खरं डोकं खाली पोटाशी दुमडून घेते, मागचा भाग वर उचलते आणि ते खोटे डोळे बरोबर तुमच्याकडे रोखले जातात. मी लेन्स घेऊन वीतभर अंतरावर होतो आणि माहीत असूनसुद्धा हात आपोआप मागे आला! एवढीशी अळी, पण त्या पोझमध्ये तिला हात लावायचं पक्ष्याचंही धाडस होत नसणार.

पण अळीवरून यूडोसिमाच्या दोन प्रजातींपैकी मॅटर्ना की फॅलोनिया हे मी ठरवत नाही, रंग फार बदलतात. मच्छरदाणीचं कापड लावलेल्या बरणीत ठेवल्या, रोज गुळवेलीची ताजी पानं, लेंड्या रोज साफ (पावसाळ्यात हे एक दिवस चुकलं तरी बुरशी धरते), आणि आत एक खरबरीत काडी तिरकी उभी. पानं रेशमाने जोडून त्यात कोष होतो, तिथून दीड-दोन आठवडे. पतंग बहुतेक अंधार पडल्यावर बाहेर येतो, काडीवर चढतो, पंख आधी चुरगळलेले असतात ते हळूहळू ताणले जातात, आणि मग थोडा वेळ तो ते पाठीवर उभे जोडून धरतो, फुलपाखरू धरतं तसे. फोटोची खरी वेळ हीच, कारण बाजूने मागचा पंख दिसतो, भडक नारिंगी आणि त्यावर काळी खूण. आमच्याकडच्या नेहमीच्या दोघांमध्ये ही खूण गोल ठिपका असेल तर मॅटर्ना, वाकलेली स्वल्पविरामासारखी असेल तर फॅलोनिया. एकदा पंख खाली घेतले की वर फक्त सुकलेलं पान उरतं आणि सगळी माहिती त्याच्याखाली झाकली जाते. यंदा मला दोन्ही मिळाले, एकाच वेलीवरून, आणि दोघांचेही मागच्या पंखांचे स्वच्छ फोटो आहेत याचा मला फार आनंद आहे.

हाच पतंग विदर्भात संत्र्या-मोसंबीवाल्यांच्या डोकेदुखीचा, रात्री येऊन फळाला भोक पाडून रस पितो आणि मग त्या भोकातून फळ सडतं. फळ खातो तो पतंग, पण अळी वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर, त्यामुळे बांधावरच्या वेलींचा आणि बागेतल्या नुकसानीचा थेट संबंध आहे. प्रौढ पतंग बघायचा तर जास्त पिकलेलं केळं, गूळ आणि थोडं पाणी कालवून एक दिवस आंबवा आणि संध्याकाळी खोडाला फासा. एरेबस पण येतो त्याला, तो मोठा, पंखावर डोळा असलेला, आणि दिव्यापेक्षा इथे कितीतरी निवांत बसतो.

तगरीवर दोन पाहुणे मिळाले. खाली चिऱ्यावर जाड लेंड्या दिसल्या की वर बघायचं, तिथे कण्हेरीवरच्या हॉकमॉथची म्हणजे डॅफ्निस नेरीची हिरवीगार अळी असते, मानेजवळ दोन निळे-पांढरे डोळे, शेपटीला छोटं शिंग, कोषाआधी ती तपकिरी होते. दुसरी, पान गुंडाळून आत बसणारी बारीक अळी, तिच्यातून फिकट हिरवा, तपकिरी कडेचा पॅरोटिस निघतो. त्याला मी पॅरोटिस इथपर्यंतच ठेवलाय, या गटात नुसत्या फोटोवर प्रजाती सांगणं मला पटत नाही, ॲप काहीही सुचवू दे. उंबराच्या पतंगाचं सोपं आहे, आसोटा कॅरिकेला पुढच्या पंखाच्या मध्यावर एक पांढरा ठिपका, आसोटा फिकसला शिरासुद्धा पांढरट.

सागावरचा हिब्लिया जूनमध्येच येऊन गेला, पाऊस सुरू झाल्यावर कोवळ्या पालवीवर, झाडाखाली उभं राहिलं की अंगावर दोऱ्याने लोंबणाऱ्या अळ्या. साग पुन्हा फुटतो, काळजी नको. याचाही पुढचा पंख मातकट आणि मागचा काळा-नारिंगी, म्हणजे पुन्हा तेच.

फोटोचं सेटिंग बऱ्याच जणांनी विचारलं होतं: १०० एमएम मॅक्रो, एफ ११, १/२००, आयएसओ २००, फ्लॅशवर ट्रेसिंग पेपरचे दोन थर. फ्लॅश उघडा मारला तर खवले चमकतात आणि रंगच खोटा येतो. पांढऱ्या चादरीवर फ्लॅशशिवाय काढत असाल तर एक्स्पोजर एक स्टॉप वर ठेवा, नाहीतर पतंग काळा पडतो. मोबाईलवाल्यांनी क्लिपची लेन्स आणि त्याच ट्रेसिंग पेपरमागून टॉर्च, त्यानेही ओळखण्यापुरतं उत्तम काम होतं. एक बरोबर वरून, एक बाजूने, एक तोंडाचा आणि मिशांचा, आणि एका फ्रेममध्ये मापाची पट्टी. हॉकमॉथ उडायच्या आधी पंख थरथरवत अंग गरम करतो, ती थरथर सुरू झाली की तुमच्याकडे अगदी थोडा वेळ आहे, पण तेवढ्यात कधी कधी मागचा पंख मिळून जातो.

सगळ्याच अळ्यांचे पतंग होत नाहीत. काहींमधून टॅकिनिड माश्या (यांची पिल्लं दुसऱ्या अळीच्या आत वाढतात) निघाल्या, एका अळीच्या अंगावर बारीक पांढरे कोष चिकटलेले, ते छोट्या गांधीलमाशीसारख्या कीटकाचे. याचीही नोंद ठेवा, अळी आणि झाड दोन्हींच्या नावासकट, ही माहिती फार कमी लोक लिहून ठेवतात.

ॲटलास नावाचा भलामोठा पतंग दोनदा आला. गावातल्या ग्रुपवर लगेच जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू म्हणून फिरला, मी प्रत्येकाला सांगितलं की हा पतंग आहे, त्याला चालणारं तोंडच नाही, थोड्याच दिवसांचं आयुष्य आहे, तर बरणीत कोंडू नका. पोरांनी तो स्वतःच पडवीतून बाहेर नेऊन काजूवर ठेवला, हे मला फार बरं वाटलं.

आता ज्यांची विदर्भात संत्र्याची बाग आहे किंवा बागेजवळ जाणं होतं त्यांना विनंती. बांधावरची गुळवेल आणि वासनवेल दोन्ही बघा, पानांच्या खालून, आणि यूडोसिमाची अळी मिळाली तर वेल कुठली ते नक्की लिहा, जमलं तर एखादी वाढवून मागच्या पंखाचा फोटो घ्या. मला कोकणातल्या नोंदींशी लावून बघायचंय की कुठल्या वेलीवर मॅटर्ना आणि फॅलोनिया या दोघांपैकी कोण जास्त आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नॅशनल मॉथ वीक (पतंग बघून त्यांच्या नोंदी करायचा आठवडा) असतो, २०१२ पासून चालू आहे, पुढच्या वर्षी त्या आठवड्यात सगळ्यांनी आपापल्याकडच्या वेली बघायच्या असं ठरवू या का? कोणकोण तयार आहे ते तालुक्याच्या नावासह सांगा, मी यादी करतो.