आमच्या घरी वार लावलेला मुलगा

यंदा, 2025 साली, पावसानं फार घाई केली. 26 मेला मुंबईत मान्सून आला आणि दोनच दिवसांनी आम्ही मायलेकी कॅनडाहून उतरलो. आईची पंच्याहत्तरी होती, म्हणून लेकीची शाळा महिनाभर बुडवून आले. गिरगावातल्या चाळीत दोरीवरचे कपडे आत ओढायची धांदल चाललेली, आणि आई मात्र खुर्चीत बसून हातातली काळी चकती उलटसुलट करून बघत होती. "हीच का ती? एवढ्याशा रबरामागे ती पोरं जीव टाकतात?"

ती चकती म्हणजे पक. आइस हॉकीत चेंडू नसतो, पक असतो. कॅरमच्या स्ट्रायकरच्या जवळजवळ दुप्पट रुंद, इंचभर जाड, वजन 170 ग्रॅमच्या आत. मॅचच्या आधी तो गोठवून ठेवतात, नाहीतर बर्फावर टणाटण उड्या मारतो. हा पक माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला भाऊबीजेची ओवाळणी म्हणून मिळालाय. कुणाकडून मिळाला, ते सांगायलाच आज लिहायला बसले.

आम्ही कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, नैऋत्येकडच्या एका गावात राहतो. गावाचं आणि संघाचं नाव लिहीत नाही, कारण ज्याच्याबद्दल लिहितेय तो मुलगा अजून शाळेत आहे. आमच्या गावाचा संघ ऑन्टारियो हॉकी लीगमध्ये खेळतो. तिकडे सगळे ओएचएलच म्हणतात. कॅनडात ज्युनियर हॉकीच्या अशा तीन मोठ्या लीग आहेत: पश्चिमेकडची, ऑन्टारियोची, आणि क्विबेक व अटलांटिककडच्या प्रांतांची. ओएचएलमध्ये 20 संघ, त्यातले 17 ऑन्टारियोतले आणि तीन सीमेपलीकडे अमेरिकेत, फ्लिंट, सॅगिनॉ आणि इअरीचे. खेळाडू 16 ते 20 वयाचे. सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन मार्चपर्यंत प्रत्येक संघ 68 सामने खेळतो. शाळा सांभाळून, बरं का. आपल्याकडे दहावीच्या वर्षी पोराची बॅट माळ्यावर जाते.

संघ मुलांना निवडतात ते पंधराव्या वर्षी. निवड झाली की घर सुटतं. पाचशे किलोमीटरवरचा मुलगा आईवडिलांना सोडून अकरावीला दुसऱ्या गावी येतो. त्याच्यासाठी वसतिगृह नसतं. गावातलीच कुटुंबं अशा मुलांना आपल्या घरी ठेवून घेतात. तिकडे त्याला बिलेट म्हणतात. संघाची माणसं येऊन घर बघून जातात, पोलिसांकडून चौकशी होते, खर्चापोटी दरमहा थोडी रक्कम मिळते. पण ती रक्कम वाढत्या वयाच्या हॉकी खेळणाऱ्या मुलाच्या दुधाअंड्यांतच संपते. आमच्या घराची वरची खोली रिकामी होती. नवऱ्याला हॉकीचं वेड लागून सहा वर्षं झाली होती. गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस सतरा वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा एक मुलगा दोन प्रचंड बॅगा घेऊन आमच्याकडे राहायला आला.

हे सगळं मी फोनवर आईला समजावत होते. माझ्या शब्दांनी तिचं समाधान होत नव्हतं. बिलेट काय, लीग काय. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे त्यानं तुमच्याकडे वार लावलाय, असं सांग ना."

तिचे वडील रत्नागिरीकडून शिकायला मुंबईत आले ते असेच वारावर जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. गुरुवारच्या घरी ताक आंबट असायचं आणि शनिवारच्या घरातली आजी भातावर न मागता तूप घालायची, हे त्यांना म्हातारपणीही आठवायचं. मी लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं होतं की कान किटले होते. पण मी स्वतः कुणाचं तरी वाराचं घर झालेय, हे आईनं सांगेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी भातावर तूप वाढताना हात आखडला नाही. पोरगं वरणभाताला 'यलो राइस' म्हणायचं आणि तीनदा घ्यायचं.

मॅचच्या दिवशी मात्र त्याचं सगळं ठरलेलं. सकाळी बर्फावर हलका सराव, दुपारी एक वाजता पास्ता आणि चिकन, मग दीड तास झोप. आईला हे कळलं तेव्हा तिला कोण आनंद झाला! "वामकुक्षी घेतो? मग पोर वळणाचं आहे." उठल्यावर तो जेवणाच्या टेबलापाशी बसून स्टिकला नवी टेप गुंडाळायचा. टाचेकडून टोकाकडे, एक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत, कुठे सुरकुती पडली तर सगळी उलगडून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यावर मेण घासायचं, म्हणजे बर्फ चिकटत नाही. लेक शेजारी बसून हे टक लावून बघायची. महिन्याभरात मेणाची वडी तिच्या ताब्यात गेली. आणि वास! हॉकीच्या बॅगेचा वास ज्यानं घेतला नाही त्याला शब्दांत सांगता येणार नाही. तळघरात गरम हवेच्या जाळीवर हातमोजे, पॅड, मोजे वाळत पडलेले, आणि वर स्वयंपाकघरात मी धूप लावलेला.

भाऊबीज 3 नोव्हेंबरला रविवारी आली. आदल्या आठवड्यातच त्यानं लीगमधला आपला पहिला गोल केला होता, आणि पहिल्या गोलचा पक खेळाडूला देतात. लेकीनं त्याला पाटावर बसवलं, डोक्यावर माझी घडी केलेली ओढणी टाकली आणि ओवाळलं. मी त्याला आधी एवढंच सांगितलं होतं की ताटात काहीतरी घालायचं असतं. त्यानं खिशातून तो पक काढून ताटात ठेवला. मी म्हटलं, अरे, हा तुझ्या आईला दे. तर म्हणाला, आई म्हणाली दुसरा कर माझ्यासाठी. तेव्हापासून तो आमच्या घरात 'दादा' झाला, आणि फोनवर माझ्या आईला 'आजी' म्हणायला लागला, 'आ'वर फार जोर देऊन.

आईचा हॉकीचा अभ्यास इथूनच वाढला. हिवाळ्यात तिकडच्या आणि मुंबईच्या वेळेत साडेदहा तासांचं अंतर असतं. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी सातला मॅच सुरू झाली की गिरगावात शनिवारची पहाट, साडेपाच. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, पण घड्याळ थांबत थांबत चालतं, त्यामुळे मॅच संपेपर्यंत इथे आठ वाजतात. आईचा दुसरा चहा आणि माझा फोन एकाच वेळी. तिनं दोनच प्रश्न कायम विचारले: जिंकले का, आणि त्याला लागलं तर नाही ना. डिसेंबरात तिला मी टेडी बेअरच्या मॅचचा व्हिडिओ पाठवला. त्या दिवशी आपल्या संघानं पहिला गोल केला की प्रेक्षक घरून आणलेली खेळणी बर्फावर फेकतात आणि ती सगळी गोळा करून रुग्णालयांना, गरजू मुलांना देतात. 1993 मध्ये पश्चिम कॅनडातल्या कॅमलूप्सच्या ज्युनियर संघाच्या मॅचला ही प्रथा सुरू झाली आणि आता सगळीकडे पसरलीय. आमच्या लेकीनं आपला जुना हत्ती फेकला तो पहिल्या रांगेतल्या माणसाच्या डोक्यावर पडला, त्या भल्या माणसानं उचलून पुढे फेकला. मग बर्फावर अस्वलं, ससे, हत्ती यांचा पाऊस. आणि ती सहा-सहा फुटी पोरं स्केटवर वाकून कवेत मावतील तितकी भरत होती.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्याआधीच्या आठवड्यात ज्या ज्या घरी मुलगा असतो त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आमच्याकडे फोन आला तो रात्री जेवताना. मुगाची खिचडी होती. तो फोन घेऊन जिन्यात गेला. परत आला तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. त्याला दुसऱ्या संघाकडे दिला होता, चार तासांच्या रस्त्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी सरावाला हजर व्हायचं. त्यानं ताटातली खिचडी संपवली, ताट विसळून ठेवलं, आणि नवऱ्याबरोबर रिंकवर जाऊन आपलं सामान घेऊन आला. सकाळी सहाला त्याचे वडील गाडी घेऊन दारात. लेक झोपलेली. तिला उठवू नका म्हणाला. ती उठली तेव्हा वरच्या खोलीत पांघरुणाची घडी नीट पायथ्याशी ठेवलेली होती, आणि तळघरातल्या जाळीवर त्याचे मोज्यांचे दोन जोड तेवढे राहिले होते.

आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "जेवून गेला ना?"

मला या खेळाबद्दल प्रेम आहे, आणि म्हणूनच हे स्पष्ट लिहिते. शाळेचं वर्ष चालू असताना, एका रात्रीत, शाळकरी मुलाला गाव, शाळा, मित्र आणि घर बदलायला लावणं मला पटत नाही. तिकडे लोक समजावतात की नव्या संघात मुलाला जास्त खेळायला मिळतं, आणि त्याच्या बाबतीत ते खरंही ठरलं. शिवाय लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे एका वर्षाच्या विद्यापीठ शिक्षणाचा खर्च मिळतो, ही व्यवस्था मला मनापासून आवडते. त्याच्या आईला तर अभ्यासाचीच काळजी. पूर्वी या लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांची दारं बंद असायची. नोव्हेंबर 2024 मध्ये तिकडच्या विद्यापीठांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेनं तो नियम बदलला, 1 ऑगस्ट 2025 पासून ती दारं उघडली. त्याच्या आईनं ही बातमी मला फोन करून सांगितली होती तेव्हा तिचा आवाज कापत होता. हे सगळं मान्य. पण निदान जूनपर्यंत थांबावं, एवढंच माझं म्हणणं.

त्याचा नवा संघ प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाद झाला. नंतर आम्ही जे पाहिलं ते मात्र विसरता येणार नाही. आमच्याजवळच्या किचनर शहराचा रेंजर्स संघ दुसऱ्या फेरीत विंडसरविरुद्ध तीन-शून्यनं मागे होता. सातांपैकी चार जिंकायचे असतात, म्हणजे एकही हरायची सोय नाही. आणि त्यांनी लागोपाठ चार जिंकले! दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होती. किचनरचा संघ कुणा धनिकाच्या मालकीचा नाही. सीझनचं तिकीट काढणारे लोकच त्याचं संचालक मंडळ निवडतात. हे मी इथे वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे आपल्या गणपतीच्या मंडळासारखंच की. बरोबर बोलली. केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतोय, तिथून चार पावलांवर वाढलेल्या माणसाला लोकांनी चालवलेली गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. पुढच्या फेरीत किचनरला लंडननं सरळ चार सामन्यांत हरवलं. हे आमच्या ऑन्टारियोतलं लंडन.

तिन्ही लीगचे विजेते आणि एक यजमान असे चार संघ शेवटी मेमोरियल कपसाठी खेळतात. पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1919 मध्ये तो सुरू झाला. 2025 मध्ये तो क्विबेकमधल्या रिमूस्कीला होता. अंतिम सामना 1 जूनला, म्हणजे आपल्याकडे 2 जूनच्या पहाटे. मी गॅलरीत उभी राहून फोनवर गोल मोजत होते. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की दूधवाल्याची हाकही ऐकू आली नाही. लंडननं पश्चिमेकडच्या लीगच्या विजेत्या मेडिसिन हॅटला 4-1 हरवलं. त्याच मिनिटाला दादाचा मेसेज आला. तोही तिकडे बघत होता. खाली लिहिलं होतं, आजीला सांग.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. पक हातात घेऊन त्यानं विचारलं, आत्या, आपल्याकडे कुणी खेळतं का हे? मी त्याला लडाखमधल्या गोठलेल्या तळ्यांवर खेळणाऱ्या मुलींचे व्हिडिओ दाखवले. जून 2025 मध्ये अमिरातीत झालेल्या आइस हॉकीच्या आशिया चषकात भारतीय महिलांनी ब्राँझ जिंकलं, आणि त्या संघात लडाखच्या मुलीच सगळ्यात जास्त. त्याला हे ठाऊकच नव्हतं. आता तो चाळीच्या पॅसेजमध्ये झाडूच्या दांड्यानं तो पक ढकलत असतो, आणि लेक त्याला टेप कशी गुंडाळायची ते शिकवते.

जानेवारीपासून आमची वरची खोली रिकामी आहे. मधल्या काळात संघानं दुसरा मुलगा ठेवाल का म्हणून विचारलं होतं, लेक नको म्हणाली आणि आम्ही आग्रह केला नाही. आता पुन्हा विचारणा आलीय. सोळा वर्षांचा आहे, उत्तरेकडून सडबरीच्या बाजूनं येणार, पहिल्यांदाच घर सोडणार. जुलैच्या आत कळवायचंय. परवा रात्री लेकीनं अंधारात विचारलं, "त्याला पण यलो राइस आवडेल का?" मी म्हटलं, आल्यावर विचारू.

काल वहिनी गिरणीतून थालीपिठाची भाजणी दळून घेऊन आली. आईनं ती तीन पिशव्यांत भरली. एक आमची. एकीवर तिनं स्वतःच्या हातानं 'दादा' असं लिहिलंय आणि ती मला चार तास गाडी चालवून पोचवायचीय. तिसरीवर काही लिहिलेलं नाही.