करकर

रात्रीचे अडीच. कॅज्युअल्टीत आणलेला ट्रॅक्टरचालक, तिशीच्या आतला, उशी पोटाशी कवटाळून पुढे वाकून बसला होता. ईसीजीसाठी आडवं केलं की ओरडायचा, “मॅडम, निजवू नका, छातीत सुरी फिरतीय.” आम्ही निजवलंच. तो काय सांगतोय, ते त्या घाईत मीही ऐकलं नाही.

यंत्राने पट्टीच्या माथ्यावर छापलं, ‘ॲक्यूट एमआय’, म्हणजे हृदयविकाराचा झटका. एकदा ते छापून आलं की पुढची पट्टी कोणी वाचत नाही. सहकारी डॉक्टरांनी स्ट्रेप्टोकायनेज, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, काढायला सांगितलंसुद्धा. झटक्यात मिनिटामिनिटाला किंमत असते, त्यांची घाई मला कळते. पण पट्टी स्वतः न वाचणं मला मान्य नाही.

हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेल्या रक्तवाहिनीच्या हद्दीतलाच एसटी, म्हणजे ईसीजीच्या रेघेतला उंच टोकानंतरचा तुकडा, वर उचलला जातो, विरुद्ध बाजूचा दबतो. इथे तो जवळपास सगळ्या लीड्समध्ये, म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहणाऱ्या नोंदींत, वर होता, वाटीसारखा खोलगट. दबलेला फक्त एव्हीआर आणि व्ही-१ या दोन लीड्समध्ये. पीआर सेगमेंट, उंच टोकाआधीचा तुकडा, मात्र खाली गेलेला. मी त्याला पुन्हा पुढे वाकवलं, श्वास सोडून रोखायला लावला आणि छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या अंगाला स्टेथोस्कोप घट्ट दाबला. कोऱ्या कोल्हापुरी चपलेची करकर! हृदयाभोवतीच्या पिशवीचे सुजलेले पदर एकमेकांवर घासत होते. पेरिकार्डायटिस. ते इंजेक्शन गेलं असतं तर पिशवीत रक्त साचून हृदय आवळलं जायचा धोका होता. मी ते थांबवलं.

सकाळी फिजिशियननी ऐकलं, तर आवाज गायब. ही करकर येते-जाते हे ठाऊक असूनही माझे पाय गार पडले. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पिशवीत पाण्याचा पातळ थर दिसला, तेव्हा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे या आजारामागे टीबी असू शकतो, म्हणून त्याच्या तपासण्या केल्या; त्यात काही निघालं नाही. आयबुप्रोफेन आणि कोल्चिसिन ही सूज उतरवणारी औषधं सुरू केली.

चार दिवसांत दुखणं गेलं. कोल्चिसिन तीन महिने घ्यायचं, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते. मी तसं डिस्चार्ज कार्डावर लिहिलं.

दीड महिन्याने तो परत आला, तसाच पुढे वाकून. गोळ्या दहाव्या दिवशीच बंद केल्या होत्या. “दुखायचं थांबलं होतं ना, मॅडम.” कार्ड त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. तीन महिन्यांची ती ओळ मी इंग्रजीत लिहिली होती.