खडी क्रशरची धूळ आणि ग्रामपंचायतीचा अर्ज: माझा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या खडी क्रशरचं प्रकरण ग्रामपंचायतीच्या वतीने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नेण्याचं काम माझ्याकडे होतं. ‘धूळ फार उडते, मोहोर खराब होतो, कारवाई व्हावी’ असा अर्ज फायलीला लागतो आणि तिथेच राहतो. संमतीपत्रातली कोणती अट मोडली ते क्रमांकासह लिहिलं, की उत्तर द्यावंच लागतं. अर्जाला ग्रामसभेचा ठराव जोडावा, नाहीतर भावकीतलं भांडण म्हणून तो बाजूला पडतो.

म्हणून आधी संमतीपत्र हातात हवं. हवा अधिनियम १९८१ च्या कलम २१ खाली क्रशरला मंडळाची संमती लागते. कलम ५१ प्रमाणे संमतीची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते आणि ज्याचा संबंध आहे त्याला ती पाहता येते. ते जमलं नाही तर माहिती अधिकार: दहा रुपये, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. खाणीचे कागद वेगळे मागवा. दगड काढायची परवानगी महसूल खात्याकडची, क्रशरची संमती मंडळाची. तहसीलदाराकडे धुळीची तक्रार आणि मंडळाकडे ब्रासची, म्हणजे किती दगड काढला याची, ही गल्लत सर्रास होते.

क्रशरच्या मानकांत वारा अडवणारी भिंत, धूळ निघते तिथे आच्छादन व पाण्याचे फवारे, आवारात पक्के रस्ते, जमीन झाडून ओली ठेवणं आणि हद्दीवर झाडं हे सगळं आहे. एकेका अटीसमोर जागेवर काय आहे ते तारीख-वेळेच्या फोटोसह लिहिलं. लांबून काढलेला धुळीच्या लोटाचा फोटो काही सिद्ध करत नाही. जॉ क्रशरच्या (मोठा दगड पहिल्यांदा फोडणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी, बेल्टवरून चाळणीवर खडी पडते तिथे आणि कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, ढिगावर कोसळते तिथे नोझल (फवाऱ्याचं तोंड) आहे का, असेल तर त्यातून पाणी येतंय का, ते दिसायला हवं. मात्र आवारात शिरायचा अधिकार पंचायतीला नाही. कलम २४ खाली तो मंडळाने नेमलेल्या माणसाला आहे. रस्त्यावरून दिसतं तेवढं आपण टिपायचं, बाकीचं पाहणीच्या वेळी पंचनाम्यात लिहून घ्यायचं. कोरडा नोझल तिथे बोटाने दाखवावा लागतो.

खरी मेख मोजणीत आहे. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर एकूण तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, हे क्रशरचं मानक. वाडीतल्या हवेला लागू होतात ती २००९ ची राष्ट्रीय मानकं: पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) साठी २४ तासांची सरासरी १००, वर्षाची ६०. मोजायची धूळही वेगळी आणि जागाही वेगळी. वाडीतला १८० चा आकडा क्रशरच्या ६०० शेजारी ठेवून ‘मर्यादेत आहे’ म्हणणारे भेटतात; त्यांना तिथल्या तिथे अडवायचं.

किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे उलट वाहतात. शिवाय धूळ मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे सॅम्पलरच्या, फिल्टरवर समुद्राचं मीठही बसतं आणि वजनात धरलं जातं. त्यामुळे एकच सॅम्पलर लावला तर समोरचा म्हणतो, हे मीठ आहे. दोन मागायचे, एक वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि एक खालच्या, एकाच वेळी. मीठ दोन्हीकडे बसतं, म्हणून आकड्यांतल्या फरकावर बोलायचं. २४ तासांसाठी साधारण आठ-आठ तासांचे तीन फिल्टर लागतात. मधेच लाइट गेली तर वेळ कमी भरते, म्हणून जनरेटरची सोय आधी विचारून ठेवावी.

पाहणी पावसाळ्यात घेण्यात अर्थ नाही; डिसेंबर ते मे हा काळ अर्जातच लिहावा. पथक यायच्या दिवशी क्रशर बंद सापडतो, हेही नेहमीचंच. त्यावर उपाय म्हणजे वीज मीटरचं रीडिंग आणि मागची बिलं पंचनाम्यात नोंदवायला लावणं. दिवसाला सरासरी किती युनिट जातात ते दिसलं, की ‘आम्ही क्वचितच चालवतो’ हे टिकत नाही.

अटी मोडल्याचं ठरलं तर कलम ३१-अ खाली मंडळ काम बंद करायचे, वीज-पाणी तोडायचेही निर्देश देऊ शकतं. पुन्हा सुरू करायला परवानगी देताना बहुधा बँक गॅरंटी घेतात. त्या आदेशाची प्रत पंचायतीच्या नावाने मागून घ्या. आणि त्यात फवाऱ्यांना पाणी कुठून येणार हे लिहिलंय का ते पाहा. एप्रिलमध्ये विहिरी तळाला गेल्या, की सगळ्यात आधी फवारे बंद पडतात. टँकरची नोंदवही ठेवण्याची अट आम्ही म्हणूनच घालून घेतली.