आत शिरणे सोपे, बाहेर पडणे अवघड

टोकामॅक म्हणजे अतितप्त आयनित वायू, अर्थात प्लाझ्मा, चुंबकीय क्षेत्रात कोंडणारे वळ्याच्या आकाराचे संलयन यंत्र. त्यातील प्लाझ्माच्या गाभ्यात विद्युत विभव किती आहे हे सळई खुपसून मोजता येत नाही. सळई वितळते आणि प्लाझ्माही बिघडतो. म्हणून तिथे जड आयनांची शलाका सोडतात. एकेरी प्रभाराचा थॅलियम किंवा सिझियमचा आयन आत शिरतो, वाटेत एखाद्या इलेक्ट्रॉनच्या धडकेने आणखी एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि प्रभार दुप्पट होताच त्याच्या वळणाची त्रिज्या निम्मी होऊन तो मूळ शलाकेतून फुटतो. आत येताना त्याची ऊर्जा एका प्रभाराच्या हिशेबाने बदललेली असते, बाहेर जाताना दोन प्रभारांच्या; जो फरक उरतो तो थेट त्या फुटीच्या जागेचा विभव सांगतो. या पद्धतीवर माझा जीव आहे तो या सरळ हिशेबामुळे.

जड मूलद्रव्य का, हे आकड्यांवरून लगेच कळते. 2.4 टेस्लाच्या क्षेत्रात 300 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर त्रिज्येत गरगरत राहतो, तर तेवढ्याच ऊर्जेचा थॅलियम आयन सुमारे 47 सेंटिमीटर त्रिज्येची कमान घेतो. यंत्र वाढले की लागणारी ऊर्जा क्षेत्राच्या आणि आकाराच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे जपानमधील एलएचडी या मोठ्या संलयन यंत्रावर सोन्याचे आयन 60 लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत न्यावे लागले. (फक्त कडेची घनता हवी असेल, तर लिथियमच्या उदासीन अणूंची शलाका आणि तिचा 670.8 नॅनोमीटरचा लाल प्रकाश पुरतो.)

अशा मोजयंत्रणेच्या आराखड्याचा बहुतेक वेळ खातात ती बाहेर पडणाऱ्या आयनांची वळणे. संगणकावर ऊर्जा आणि प्रवेशकोन बदलत मी मार्गांचे जाळे काढतो, तेव्हा कित्येक देखण्या रेषा पोर्टच्या, म्हणजे यंत्राच्या भिंतीतील झरोक्याच्या, कडेपासून बोटभर अंतरावर भिंतीला जाऊन आदळतात. मग कोन बदलला की पोर्ट साधतो, पण मोजमापाची जागा गाभ्यातून सरकते. पोर्ट आपल्या सोयीने पाडून मिळत नाही, कारण तिथे आधीच चुंबकाच्या वेटोळ्यांचा हक्क असतो.

त्यानंतर अचूकतेचा प्रश्न. 300 किलोव्होल्टच्या शलाकेत 30 व्होल्टचा फरक ओळखायचा म्हणजे दहा हजारांत एक भाग, आणि प्रवेगकाचा विद्युतदाब त्याहून स्थिर हवा. त्यातच प्लाझ्माचा अतिनील प्रकाश बाहेर आलेल्या आयनांची ऊर्जा मोजणाऱ्या विश्लेषकाच्या पट्ट्यांवर पडून इलेक्ट्रॉन उडवतो, म्हणून शलाका अधूनमधून क्षणभर तोडून तेवढ्या वेळात नुसता गोंगाट नोंदवायचा आणि नंतर तो संकेतातून वजा करायचा.