थिओफिलिनची पातळी आणि रिपोर्टवर न छापलेली वेळ

ज्यांच्या घरात कुणी थिओफिलिनची (श्वासनळ्या मोकळ्या ठेवणाऱ्या औषधाची) गोळी घेतं, त्यांनी एक गोष्ट पक्की करावी. रक्तातली पातळी तपासायला सांगितली, तर शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढलं, या दोन्ही वेळा रिपोर्टवर लिहून घ्याव्यात. त्यासाठी मला जे झगडावं लागलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाबांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाची वाट अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. इनहेलर आणि जोडीला सावकाश विरघळणारी थिओफिलिनची गोळी, सकाळ-संध्याकाळ. बरीच वर्षं ठीक चाललं होतं. मग बाबांनी सिगारेट सोडली. आम्ही खुशीत होतो, आणि थोड्याच दिवसांत त्यांना मळमळायला लागलं. झोप उडाली. पेपर वाचायला घेतला की हातातला कागद फडफडायचा. एका डॉक्टरांनी पित्त म्हणून औषध दिलं, त्याने काही फरक पडला नाही.

छातीच्या डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला तो सिगारेटचाच. धुरातल्या घटकांमुळे लिव्हर हे औषध भराभर संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि तोच डोस अंगात साचू लागतो. निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी चालू असली तरी हेच होतं, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. सिगारेट सोडायलाच हवी, पण सोडताना डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे डोस वेळेवर कमी करता येतो.

या औषधात उपयोगाची पातळी आणि त्रासाची पातळी यांत अंतर फार थोडं असतं. रिपोर्टवर बहुधा १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी मर्यादा छापतात. हल्ली बरेच डॉक्टर ५ ते १५ मध्येच समाधान मानतात. २० च्या वर गेलं की उलट्या, ठोके अनियमित होणं, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं. आधी मळमळ आणि मग फिट असा क्रमही ठरलेला नसतो. म्हणून रक्त तपासायचं ठरलं. सकाळची गोळी घेतल्यावर चार ते सहा तासांनी रक्त द्या, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिलं.

खरा त्रास सुरू झाला तो लॅबच्या काउंटरवर.

“मॅडम, सगळ्यांचं रक्त सकाळी उपाशीपोटीच घेतो. गोळी न घेता या.”

मी चिठ्ठी पुढे केली. ती न वाचताच परत आली. ही साखरेची तपासणी नाही, औषधाची पातळी आहे, गोळी घेतल्याशिवाय अर्थच नाही, हे मी सांगत राहिले. शेजारी बाबा खुर्चीत धापा टाकत बसलेले, मागे रांग वाढत चाललेली. शेवटी “दुपारी या, पण नमुना मुख्य लॅबला उद्याच्या गाडीने जाईल” यावर तडजोड झाली. दुपारी रक्त काढणारा मुलगा समजूतदार निघाला. मी विनंती केल्यावर त्याने नळीच्या लेबलवर बॉलपेनने लिहिलं: गोळी ७, रक्त १२.

रिपोर्ट आला. आकडा १८ च्या पुढे, छापील मर्यादेच्या आत, म्हणून पुढे खूण नाही. काउंटरवर सांगितलं, “नॉर्मल आहे.” आणि नमुना घेतल्याची वेळ म्हणून छापली होती दुसऱ्या दिवशी सकाळची, म्हणजे नमुना मुख्य लॅबमध्ये पोचल्याची!

डॉक्टरांनी माझ्या वहीतल्या वेळा पाहून लगेच डोस कमी केला. त्यांच्या मते बाबांच्या वयाला आणि लक्षणांना हा आकडा जास्तच होता. पण ते म्हणाले, रिपोर्ट दुरुस्त करून आणा. ही फाइल उद्या दुसरे डॉक्टर वाचतील. सकाळची गोळी घेण्याआधी १८ आणि गोळीनंतर पाच तासांनी १८, यात फार फरक आहे. पहिल्यात दिवसा पातळी आणखी चढते, दुसऱ्यात ती साधारण शिखरापाशी असते.

“सिस्टिममध्ये ती जागाच नाही,” हे उत्तर मला त्या काउंटरवर इतक्या वेळा मिळालं की ऐकूनच डोकं तापायचं. कुणी उद्या या म्हणायचं, कुणी फोन करा, फोन कुणी उचलायचं नाही. शेवटी मी पॅथॉलॉजिस्टना भेटायचंच असं सांगून तिथे बसून राहिले. त्या बाहेर आल्या, चिठ्ठी वाचली, ठेवणीतली नळी मागवली, लेबल पाहिलं आणि शेऱ्यात दोन्ही वेळा घालून सहीचा नवा रिपोर्ट दिला. काही मिनिटांचं काम! तो कागद हातात घेताना मला खरंच अभिमान वाटला.

डोस कमी झाल्यावर मळमळ गेली, झोप परतली. नवी पातळी मात्र लगेच तपासून उपयोग नसतो, काही दिवस जाऊ द्यावे लागतात.

औषधाच्या दुकानात कंपनी बदलून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या एकमेकींसारख्या विरघळतीलच असं नाही. गोळी चावायचीही नाही आणि कुटायचीही नाही. तसं केलं की सगळं औषध एकदम सुटतं. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. अचानक धाप लागली तर ही गोळी कामाची नाही, तिथे तातडीचा इनहेलरच.

आणि अँटिबायोटिक! सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांनी थिओफिलिनची पातळी चढते, तर रिफाम्पिसिन आणि फिटवरच्या काही औषधांनी उतरते. बाबांना लघवीच्या संसर्गासाठी सिप्रो लिहून दिली होती. मी गोळ्यांची यादी पुढे ठेवली आणि ती बदलून मिळाली. यादी मी बाबांच्या पाकिटातच ठेवते, कारण तातडीच्या विभागात अ‍ॅमिनोफिलिनचं इंजेक्शन द्यायचं ठरलं, तर गोळी चालू आहे हे आधी कळायला हवं. दोन्हीत औषध एकच.

चहा-कॉफी फार वाढवली तर धडधड आणि हाताचं थरथरणं वाढतं, हेही बाबांच्या बाबतीत दिसलं. एक सांगायचं राहिलं: जोराचा ताप आला, हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास वाढला, तरी हे औषध अंगात साचतं. अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, आणि वारंवार उलट्या, खूप धडधड किंवा फिट असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.