पाच किलोच्या टाकीसाठी तीन फेऱ्या

बेळगावच्या उद्यमबागेत वेल्डिंग करून जीपमागे ओढायचा ट्रेलर तयार केला. झोपायला दोन बाक, एक ओटा, दोन बर्नरची शेगडी. माघी पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माला जायचं, चार दिवस तिथंच रांधायचं, एवढा हट्ट. गॅसच्या टाक्यांचं गणित सोपं होतं. घरातली १४.२ किलोची भरलेली टाकी लोखंडासकट तीसेक किलो होते, ती ट्रेलरवर चढवताना कंबर धरते. म्हणून ५ किलोच्या दोन घ्यायच्या, एक चालू आणि एक राखीव.

पण घ्यायच्या कुठं? शहरातल्या एका एजन्सीत गेलो. माझं आधार शिनोळीचं, राहतो भाड्यानं बेळगावात. काउंटरवरच्या माणसानं कार्ड उलटसुलट केलं. "हे महाराष्ट्राचं. इथला पत्ता लागतो." भाडेकरार घेऊन दुसऱ्या दिवशी गेलो, तर लाईट बिल घरमालकाच्या नावावर, मग त्यांचं संमतीपत्र पाहिजे. मालक हुबळीला. चार दिवसांनी ते आले, सही दिली. तिसऱ्या फेरीला अर्ज हातात पडला, कन्नडमधला. शेजारच्या बाईंनी वाचून सांगितलं, "काका, हा घरगुती कनेक्शनचा अर्ज आहे हो." आठ दिवस मी "छोटी टाकी, छोटी टाकी" म्हणत होतो आणि एकानंही विचारलं नाही की कनेक्शन हवं की सुटी टाकी! अजून आठवलं की डोकं तापतं. शिनोळी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. आमच्यासारखी सीमेवरची हजारो माणसं रोज इकडं कामाला येतात, त्यांचा पत्ता दोन्हीकडं अडतो.

सुट्या टाकीला पत्त्याचा पुरावा लागतच नाही. फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. म्हणून काउंटरवर पहिला शब्द उच्चारा: "पाच किलोची एफटीएल." एफटीएल म्हणजे फ्री ट्रेड एलपीजी, कनेक्शनशिवाय मिळणारी सुटी टाकी. हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर हेच बोललो आणि पंधरा मिनिटांत दोन्ही टाक्या पावतीसकट हातात. किलोमागे घरगुतीपेक्षा महाग पडते, ते मी आनंदानं दिलं. पुढं त्याच कंपनीच्या विक्रीकेंद्रावर रिकामी देऊन भरलेली मिळते.

घेताना वजन करून घ्या. टाकीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्यात ५ किलो मिळवा. तिथंच अक्षर आणि आकडा असतो, सी-२७ म्हणजे तपासणीची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत. ए, बी, सी, डी या वर्षाच्या चार तिमाह्या. मुदत उलटलेली एक टाकी मी तिथंच परत केली.

गल्लीतल्या दुकानात मोठ्या टाकीतून लहानीत गॅस उतरवून देतात. स्वस्त मिळतो, पण कायद्यानं बंदी आहे आणि ते टाकी काठोकाठ भरतात. आत मोकळी जागा लागतेच, कारण द्रव गॅस उन्हात फुगतो. सौंदत्तीच्या उन्हात तसली टाकी मी पोरांजवळ ठेवणार नाही.

ट्रेलरला टाक्यांची चौकट बाहेर, पुढच्या दांड्यावर केली. टाक्या उभ्याच, पट्ट्यानं आवळलेल्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून आत फरशीलगत दोन जाळ्या ठेवल्या. रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बघा. गळतीला १९०६ हा नंबर.

आणि गाडी सुरू करण्याआधी दोन्ही टाक्या बंद. हे मी दारावर खडूनं लिहून ठेवलंय.