फुवामुलाच्या बंदरातल्या वाघिणी

मालदीव म्हटलं की आपल्याकडे पाण्यावरच्या लाकडी खोल्या आणि हनिमूनचे फोटो डोळ्यांसमोर येतात. फुवामुलाला त्यातलं फारसं काही नाही. मालेहून छोट्या विमानाने दक्षिणेला जायचं, विषुववृत्त ओलांडलं की लगेच हे एकलकोंडं बेट लागतं. भोवती उथळ निळं पाणी नाही. प्रवाळाची अरुंद कड संपली की तळ एकदम खोल जातो. बेटाच्या आत मात्र गोड्या पाण्याची दोन तळी, आंब्याची झाडं आणि दलदलीत लावलेलं अळू. एवढा खर्च करून समुद्रासाठी आलो आणि पहिल्या संध्याकाळी आठवण झाली ती अळूच्या फतफत्याची!

लोक इथे येतात ते टायगर शार्क बघायला. मीही त्याचसाठी गेलो होतो. मालवणात वाढलेल्या माणसाची शार्कशी पहिली ओळख मुशी नाहीतर मोरी म्हणून, जेवणाच्या ताटातच होते. तारकर्लीला डायव्हिंग शिकलो तेव्हाही पाण्यात कधी ती दिसली नव्हती.

फोटोंत एक गोष्ट कळत नाही. ही जगप्रसिद्ध जागा कुठल्या दुर्गम खडकावर नाही, चक्क बंदराच्या तोंडाशी आहे. टूना घेऊन होड्या परततात, धक्क्यावर मासे साफ होतात, डोकी आणि आतडी पाण्यात जातात आणि ती खायला शार्क येतात. स्पष्टच बोलायचं तर हा उकिरडा. डायव्हर या जागेला ‘टायगर झू’ म्हणतात. बेटावरच्या पोरांनी या सवयीचा धंदा केला, आणि आता गाइड स्वतःच टूनाची डोकी दगडांखाली दाबून ठेवतात, म्हणजे शार्क तळाशी रेंगाळतात आणि पाहुण्यांना नीट दिसतात.

उतरण्याआधीच्या सूचना मोजक्या पण कडक होत्या. वेटसूट काळा, हात उघडे नकोत, भडक रंगाचे फिन्स नकोत. खाली सगळ्यांनी एका ओळीत, पाठीशी खडक. हातवारे करायचे नाहीत. एकट्याने वर जायचं नाही. आणि ती अंगावर आल्यासारखी वाटली तर पळायचं नाही, तिच्याकडे बघत राहायचं. पाठ फिरवलेला माणूस आणि बघणारा माणूस यातला फरक तिला कळतो, असं गाइडचं म्हणणं.

दहाएक मीटरवर आम्ही ओळीत बसलो. पहिली आली ती इतक्या सावकाश की भीती वाटायला वेळच मिळाला. नाक बोथट, डोकं रुंद, आणि पोट असं की गाइडने हाताने खूण करून दाखवलं: गाभण आहे. अंगावरचे पट्टे पुसट झालेले. वयाबरोबर ते विरत जातात, पिल्लांच्या अंगावर ते ठळक असतात. मग दुसरी, तिसरी, आणि नंतर कोण कुठली हे माझ्या डोक्यात राहिलं नाही. गाइडला मात्र प्रत्येकीची ओळख होती. कुणाच्या कल्ल्यावर जुनी जखम, कुणाच्या शेपटीचा तुकडा गेलेला. एक फारच जवळ आली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून, गर्दीतल्या माणसाला वाट दाखवावी तसं, तिला बाजूला वळवलं.

मला हा प्रकार पूर्ण पटला असं नाही. जंगली जनावराला खाऊ घालून बोलवायचं आणि वर त्याला संवर्धन म्हणायचं, हे जरा सोयीचंच आहे. एकाच्या मागोमाग दुसरा गट उतरत होता. गाइडला विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं: आम्ही उद्यापासून थांबलो तरी होड्या थांबणार नाहीत, मासे साफ होतच राहणार. ते खरं आहे, पण अर्धंच. होडीवाल्याला शार्क माणसांच्या किती जवळ येते याच्याशी काही देणंघेणं नसतं.

याच डायव्हिंगमधून दुसरंही काही हाती लागलं. इथे काढलेल्या फोटोंतून अंगावरच्या खुणा जुळवून संशोधकांनी सुमारे सात वर्षांत 239 वेगवेगळ्या टायगर शार्क ओळखल्या. बहुतेक माद्या. कित्येक पुन्हा पुन्हा येणाऱ्या, कित्येकींची पोटं फुगलेली. टायगर शार्कचा गर्भ वर्षाहून जास्त काळ पोटात राहतो. तेवढा काळ आयतं अन्न आणि सुरक्षित पाणी मिळणारी जागा म्हणजे यांचं माहेरच म्हणायचं. एवढ्या टायगर शार्क एका जागी जगात दुसरीकडे नोंदलेल्या नाहीत.

गेस्टहाउसच्या मालकाचे वडील सकाळी ओट्यावर बसलेले असत. नाश्त्याला मासहुनी आणि रोशी, म्हणजे टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची एकत्र कालवून जवळपास आपल्याच चपातीबरोबर. मला मालवणी जिभेला लिंबू थोडं जास्त हवं होतं, आजोबांना ते मंजूर नव्हतं. मुलगा मध्ये दुभाषा. त्यांच्या तरुणपणी टायगर शार्क मोठ्या गळावर धरत, मुख्यतः यकृताच्या तेलासाठी. धोणीच्या, म्हणजे इथल्या होडीच्या, लाकडाला ते तेल चोपडलं की लाकूड टिकतं. मांस खारवून श्रीलंकेला जायचं. पुढे पूर्व आशियात पंखांना भाव आला आणि सगळा हिशेबच बदलला.

तो हिशेब फिरवला दुसऱ्या एका हिशेबाने. 1993 मध्ये मालदीवच्या शार्क मासेमारीवर एक अहवाल निघाला. त्यात अरी अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) फिश हेड या डाइव्ह साइटचं गणित होतं: तिथली एक ग्रे रीफ शार्क जिवंत असली तर डायव्हिंगमधून वर्षाला सुमारे 33,500 डॉलर, मारली तर कोळ्याच्या हाती एकदाच 32 डॉलर. शार्क बघण्यातून देशाला मिळणारा पैसा हा रीफ शार्कच्या निर्यातीच्या जवळपास शंभर पट निघाला. 1998 मध्ये पर्यटनाच्या सात अटॉलमध्ये दहा वर्षांची बंदी आली, 2009 मध्ये सगळ्या अटॉलांच्या भोवती 12 मैलांपर्यंत, आणि 2010 मध्ये देशाच्या संपूर्ण समुद्रात.

यात तोटा ज्याचा झाला आणि फायदा ज्याला झाला तो माणूस बहुतेक ठिकाणी वेगळा. रिसॉर्ट एका बेटावर, शार्क धरणारे दुसऱ्या. फुवामुलात निदान बरीचशी डाइव्ह सेंटरं आणि गेस्टहाउसं गावकऱ्यांची आहेत. तरी आजोबांच्या घरातच दोन बाजू होत्या. मुलाचं घर शार्कवर चालतं, आणि यलोफिन टूना धरणारा पुतण्या शार्कला शिव्या घालतो, कारण गळाला लागलेला मासा वर येईपर्यंत अर्धा खाल्लेला असतो. ही तक्रार मालदीवभर ऐकू येते, आणि किनाऱ्यावर बसून तिला हसण्यात अर्थ नाही.

आम्ही होतो तेव्हा चर्चा गल्पर शार्कची होती. हा खोल पाण्यातला मासा, लहानखुरा, हिरव्या डोळ्यांचा, यकृत तेलाने भरलेलं. त्यातलं स्क्वालीन सौंदर्यप्रसाधनांत जातं. 1980 च्या दशकात मालदीवमध्ये त्याची मासेमारी जोरात सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत मासाच संपत आल्याने कोसळली. 2025 मध्ये सरकारने ती पुन्हा खुली करण्याचा निर्णय जाहीर केला. डायव्हर लोक चिडले होते, खोल पाण्यात सोडलेले गळ बाकीच्या शार्कनाही लागतील म्हणून.

मला वेगळंच टोचत होतं. 33,500 डॉलरचं ते गणित जिला टँक लावून बघता येतं तिलाच लागू पडतं. शेकडो मीटर खोल, काळोखात राहणाऱ्या गल्परला बघायला कोण तिकीट काढणार? तिची किंमत आजही तेलाचीच. तीस वर्षं ज्या युक्तिवादाने टायगर शार्क वाचली, तोच तिच्या बाबतीत उलटा फिरतो.

हे मी त्या ओट्यावर बोलून दाखवलं. मुलाने मन लावून भाषांतर केलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तेलाला भाव काय देणार म्हणतायत?”

“ते अजून कुणी सांगितलेलं नाही, बाबा,” मुलगा म्हणाला, आणि टँक भरायला निघून गेला.